फौजदाराच्या हातचा काला

या गं, अशा पुढं सरका. सतरंजी देवाजवळ रिकामी आणि तुम्ही सगळ्या चपलांपाशी, हे काय बरं? बुवांचा चहा व्हायचाय, टाळ अजून पिशवीत आहेत. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे, तोवर माझं ऐका. गोष्ट देवाची नाही, माणसांची आहे. तिच्यात फौजदार आहे, भांडण आहे, चार वाईट शब्दही आहेत. पण मांडवात सांगायला लाज वाटावी अशी नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

शेवंता नवऱ्याला भाकरी कुस्करून भरवत होती आणि मी त्यांच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसले होते, तेव्हा दारात पोलिसांची जीप थांबली.

दशरथ गुरव म्हणजे आमच्या खळेगावच्या मुरलीधराच्या देवळाचा पुजारी आणि सप्ताहातला पखवाजी. त्याचा हात पखवाजावर पडला की बुवांना चाल लावून द्यावी लागत नसे. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक माझ्या घरून जायची. मी मळून ठेवायची, तो येऊन घेऊन जायचा आणि जाता जाता म्हणायचा, "काकू, आज कणीक सैल हाय, देव ढिला बोलंल." असा माणूस. आणि त्या दुपारी त्याच्या उजव्या हाताची बोटं वाळक्या शेंगांसारखी आत वळलेली होती. प्लास्टर निघालं होतं, बोटं सरळ झाली नव्हती. डाव्या हातानं जेवणार नाही म्हणायचा, म्हणून शेवंता भरवायची.

झालं होतं ते असं. देवाचा चांदीचा मुकुट चोरीला गेला. गाभाऱ्याची किल्ली दशरथाकडं, म्हणून फौजदार रणपिसे यांनी त्याला चौकीत नेलं. परत आला तो असा हात घेऊन. पुढं मुकुट परजिल्ह्यात सापडला, चोरही सापडले, त्यांनी कबूलही केलं. दशरथाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. मग शेवंता जिल्ह्याला गेली आणि पोलिसांच्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या गाडीपुढं आडवी उभी राहिली. साहेबांनी काच खाली घेतली, ऐकलं, आणि चौकशी लागली. सप्ताह संपला की सोमवारी दुसऱ्या तालुक्यातले अधिकारी गावात येणार होते, दशरथाचा जबाब घ्यायला.

जीपमधून रणपिसे उतरले आणि त्यांच्या मागून देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष तात्या भोईटे.

"काय दशरथ, हात कसा आहे?" तात्यांनी विचारलं. जसा काही दशरथ आंब्यावरून पडला होता.

"बघा की," शेवंता म्हणाली. "समोरच हाय."

फौजदार खाटेवर बसले. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"हे बघ बाई," ते म्हणाले, "साहेबांची गाडी अडवलीस, शूरपणा झाला. आता तुझा नवरा सोमवारी काय बोलणार, तेवढं मला कळू दे."

"जे झालं ते बोलंल."

"काय झालं? पायरीवरून पडला. सरकारी दवाखान्यात स्वतःच्या तोंडानं सांगितलंय त्यानं."

"तवा तुमचा शिपाई उशाला हुबा व्हता."

माझ्याच्यानं राहवेना. "साहेब," मी म्हटलं, "बोटांवर खुर्चीचा पाय ठेवून वर बसलात म्हणे तुम्ही. आमच्या देवळाला पायऱ्या आहेत, पण त्यांना असे पाय नाहीत."

"या कोण?"

"मंजुळावहिनी," तात्या म्हणाले. "काल्याचं सगळं यांच्याकडं असतं."

"मग त्यांनी काल्याचं बघावं."

"तेच बघतेय," मी म्हटलं. "काल्यात खडा असला तर तो मीच काढते."

रणपिशांचा चेहरा तापला. पण दशरथ समोर बसला होता, त्याचा तो हात मांडीवर होता, आणि बोलताना त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिकडं जात होती. म्हणून की काय, ते जास्तच जोरात बोलायला लागले.

"तुम्हाला काय वाटतं, चोराला हात जोडून विचारलं की तो सांगतो? मुकुट गेला तेव्हा सगळं गाव माझ्या दारात बसलं होतं. मुकुट द्या, नाहीतर रस्ता अडवतो! वरून फोन, खालून मोर्चा. शिपाई मूठभर, गावं ढीगभर. किल्ली याच्याकडं. मग मी कुणाला धरू? मुरलीधराला?"

"धरा की," शेवंता म्हणाली. "धरायला कोन नगं म्हनतंय? आमी बी आमच्या पायानं आलो व्हतो. इचारा, झडती घ्या, घर उकरा. हात मोडायचा कायदा कुठाय?"

"कायदा मला शिकवू नकोस. उद्या तुझ्या घरात चोर शिरला तर माझ्याच दारात येशील."

"यीन की! म्हनून तर म्हनते, दार धड ठिवा."

तात्या मध्ये पडले. तात्यांचं बोलणं नेहमी तुपात घोळलेलं. "अहो, भांडून काय मिळणार? साहेबांच्या हातून जरा जास्त झालं असेल. माणूस आहे. पण गावातलं गावात मिटवावं. परवा काला आहे. आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे."

ती रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडं काल्याच्या कीर्तनात हंडी फुटली, की ज्यांचं वर्षभरात वाकडं आलंय त्यांना पुढं बोलवायचं. दोघांनी एकमेकांना उजव्या हातानं काल्याचा घास भरवायचा. भरवला की वैर संपलं. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ त्या मांडवात गळ्यात पडून रडलेले मी बघितलेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला नमस्कार सांगितला. काला खाऊन पुन्हा जुनं उकरणाऱ्याला गावात कुणी पाण्याला विचारत नसे.

"साहेब दशरथाला घास भरवतील," तात्या म्हणाले, "दशरथ साहेबांना भरवील. बुवा गादीवरून जाहीर करतील. आणि सोमवारी दशरथ सांगेल, पडलो म्हणून. कुणाची नोकरी जायला नको, कुणाचं तोंड काळं व्हायला नको."

"आन् न्हाई केलं तर?" शेवंतानं विचारलं.

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तर गुरवकीचा विचार ट्रस्टला करावा लागेल. मोडक्या हातानं देवाची पूजा कशी चालायची? आणि हे घरही देवळाचंच आहे."

"तात्या," मी म्हटलं, "देवाच्या नावानं पोटावर पाय देता?"

"वहिनी, तुम्ही जन्मभर कीर्तनं ऐकलीत. क्षमा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायचं?"

तिथं त्यांनी मला बरोबर धरलं बघा. कारण खरंच होतं ते. क्षमेच्या कथेला रडले नाही असं एक कीर्तन मला आठवत नव्हतं. आणि इथं क्षमा हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मी हातातला लसूण खाली टाकला.

एवढ्यात दशरथ बोलला.

"येतो मी."

"काय?" शेवंता म्हणाली.

"काला घेतो. सायबांच्या हातचा."

रणपिसे हसले. उठून त्यांनी दशरथाच्या खांद्यावर थाप मारली. थाप बसताच दशरथ असा आकसला की फौजदारांनी हात झटकन मागं घेतला. "शहाणा आहेस," ते म्हणाले आणि जीपकडं गेले.

जीप वळणावर दिसेनाशी झाली आणि शेवंतानं ताटली अंगणात भिरकावली. "घ्या! खुशाल घ्या त्येच्या हातचं! साहेबाच्या गाडीखाली मरता मरता वाचले म्या, ती ह्याच्यासाठी? म्या न्हाई येनार."

"तू ये," दशरथ म्हणाला. "तू बाजूला पायजेस."

"कशाला?"

तो अंगणातली ताटली उचलायला गेला. मलाही राग आला होता त्याचा. भ्याला, असंच वाटलं मला. कुणालाही तसंच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुवांच्या बिऱ्हाडी दूध घेऊन गेले. सदूबुवा म्हणजे हाडं नि आवाज, बाकी अंगावर काही नाही. तात्या आधीच तिथं बसले होते.

"बुवा, गादीवरून एवढंच म्हणायचं," तात्या सांगत होते, "की दशरथ गुरवानं वैर सोडलं आणि तक्रारही सोडली."

बुवा दुधावरची साय बोटानं बाजूला करत होते. "तात्या, ती गादी नारदाची. मी तिथं उभा असतो तेव्हा माझ्या बापालासुद्धा माझ्या पाया पडावं लागतं. ते माझ्यासाठी नसतं, गादीसाठी असतं. तिथं मी जे बघेन तेच बोलेन. जे बघितलं नाही ते बोलणार नाही."

"पुढच्या वर्षीच्या सप्ताहाचंही बोलणं करायचं होतं तुमच्याशी," तात्या म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी असेन की नाही, हेच अजून ठरलेलं नाही," बुवा म्हणाले. "तुम्ही कशाला घाई करता?"

तात्या गेल्यावर मी विचारलं, "बुवा, हा असा काला देवाला चालतो का हो?"

"मंजुळाबाई, मी कीर्तन करतो. देवाच्या वतीनं उत्तरं देत नाही." मग दुधाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "पण तो दशरथ मला पंचवीस सप्ताहांत साथीला आहे. त्यानं कधी सम चुकवलेली मला ठाऊक नाही."

मला ते तेव्हा कळलं नाही.

काल्याचा दिवस उजाडला. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, काकडी, भिजली डाळ, लिंबाचं लोणचं. दरवर्षी मी हे कालवताना गुणगुणते. त्या वर्षी दात आवळून कालवलं. मांडव भरून गेला होता. शेजारच्या गावचा एक पखवाजी आणला होता. वाजवत होता बिचारा ठीक, पण दशरथ खांबाला टेकून बसला होता आणि त्याचा गुडघा धोतराखाली आपले बोल वेगळेच धरत होता. शेवंता त्याच्याशेजारी, पाठ करून.

मग रणपिसे आले, गणवेशात. ट्रस्टच्या माणसानं पुढं एक खुर्ची आणून ठेवली. त्या मांडवात कलेक्टर आला तरी सतरंजीवर बसतो. मी उठले आणि सरळ त्यांच्यापाशी गेले.

"साहेब, इथं खुर्ची चालत नाही."

मी रीत म्हणून सांगायला गेले होते, देवाशपथ. पण खुर्ची हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि आजूबाजूच्या बायांचं बोलणं एकदम थांबलं. फौजदार माझ्याकडं बघत राहिले. मग खाली बसले. बूट काढलेले पाय कसे घ्यावेत ते त्यांना समजत नव्हतं.

बुवांनी त्या दिवशी गवळ्यांच्या शिदोऱ्यांचं लावलं होतं. "गवळ्यांनो!" बुवा म्हणाले आणि त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत गेला. "कुणाची भाकरी शिळी, कुणाचं ताक आंबट, कुणाच्या फडक्यात नुसतं मीठ. देवानं सगळं एक केलं. पण काला होण्याआधी देव काय म्हणाला? म्हणाला, अरे, सोडा की गाठी! जो तो आपली शिदोरी उघडून दाखवा. पाठीमागं लपवलेल्या शिदोरीचा काला होत नाही रे बाबांनो!"

टाळ कडकडले. तात्या मान डोलवत होते.

हंडी फुटली. दही उडालं, पोरं ओरडली, जयजयकार झाला. आणि तात्या दोन्ही हात वर करून उभे राहिले. "मंडळी, शांत व्हा. आज एक मोठं पुण्याचं काम व्हायचंय."

काल्याची परात मी धरली होती. रणपिसे पुढं आले, दशरथही आला. शेवंता जागची हलली नव्हती. दशरथानं मागं वळून नुसतं बघितलं. तशी ती उठली आणि त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, नजर जमिनीत रोवून.

फौजदारांनी घास घेतला आणि दशरथाच्या तोंडाशी नेला. दशरथानं तोंड उघडलं. घास नीट चावला, गिळला. घाई केली नाही.

"आता तू," तात्या म्हणाले.

दशरथानं उजवा हात उचलला. ती बोटं सगळ्या मांडवाला दिसली. तोवर पुष्कळांनी नुसतं ऐकलेलं होतं.

"राहू दे," रणपिसे हळू आवाजात म्हणाले. "डाव्यानं दे. चालेल."

"देवापुढं डावा चालत न्हाई, सायब," दशरथ म्हणाला. "आन् उजवा तुमच्यापाशी राहिला."

बोलला अगदी साधेपणानं, भांडं कुठं ठेवलंय ते सांगावं तसं. त्यानं हात परातीत घातला. बोटं मिटेनात. उचलावं तर लाह्या गळून जात. पुन्हा घातला. पुन्हा गळालं. तेव्हा शेवंतानं खालून त्याचं मनगट धरलं, आपली ओंजळ त्याच्या हाताखाली लावली, आणि त्या दोघांनी मिळून तो घास वर नेला. अर्धा फौजदारांच्या तोंडात गेला. अर्धा त्यांच्या छातीवर सांडला, नावाच्या पट्टीवरून दही ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. घास त्यांच्या गालात तसाच होता, गिळवत नव्हता.

"मुरलीधर महाराज की जय!" तात्या ओरडले. "बुवा, सांगा आता!"

सदूबुवा गादीवरून म्हणाले, "या दोघांत वैर होतं. ते काल्यात गेलं. हे मी बघितलं."

"आणि तक्रार?"

"ती मला दिसली नाही. ज्याची आहे त्याला विचारा."

सगळे दशरथाकडं वळले. तो म्हणाला, "वैर माझं व्हतं. म्हैनाभर त्याच्यासंगं झोपलो, त्याच्यासंगं उठलो. ते आज देवाम्होरं टाकलं. सायबांबद्दल माझ्या मनात आता काय न्हाई." मग तात्यांकडं बघून, "पर तक्रार माझी एकल्याची न्हाई, तात्या. उद्या त्या खुर्चीखाली दुसऱ्या कुनाचा तरी हात असंल. तो मानूस आज हितं न्हाई. त्याच्या वतीनं मी कशी सोडू?"

आणि मग जो गलका उठला!

"काला खाऊन उलटतोस?" तात्यांची टोपी सरकली होती. "देवाच्या दारात गावाला फसवतोस?"

"गुरव माजला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अरे, पोलिसांवर उठलात तर चोर डोक्यावर बसतील!"

"आन् पोलिसच डोक्यावर बसले तर?" हे एका म्हातारीनं विचारलं, आणि तिला कुणी गप्प बस म्हटलं, तर तिनं त्याची आई काढली. मांडवात.

"आजच घर खाली कर!" तात्या गरजले. "आज! आणि बघतो सोमवारी तुझ्या बाजूनं कोण बोलतंय ते. पोलिसखात्याला बदनाम करतोस? या साहेबांना एकट्याला गाठून..."

"एकट्याला?"

रणपिसे बोलले होते. घास गिळला होता त्यांनी. छातीवर दही तसंच.

"एकट्याला म्हणालात ना, तात्या? मग सांगा की मांडवात. मला काय स्वप्न पडलं होतं गुरवाचं? माझ्या चौकीत येऊन कोण म्हणालं, साहेब, हा नुसता विचारून बोलायचा नाही, याला चौदावं रत्न दाखवा? मी म्हटलं, थांबू, तपास करू. तर तुम्ही म्हणालात, मुकुट नाही मिळाला तर तुमची बदली झाली समजा. आणि आत हे चाललं होतं तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाकावर पान खात बसला होतात. त्याचं ओरडणं ऐकू येत होतं तुम्हाला. एकदाही आत डोकावून थांबा म्हणालात?"

तात्यांनी सरकलेली टोपी सावरली.

"मी मारलं," रणपिसे म्हणाले. "मी मारलं, ते माझं. पण मला एकट्याला नाही जायचं."

तो काही पश्चात्ताप नव्हता हो. रागच होता, आणि भीतीही होती. बुडणारा माणूस जवळच्याचा गळा धरतो, तसं ते बोलणं होतं. पण त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मी दशरथाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"आवाज आला व्हता तात्यांचा. बाहीरून."

"मग बोलला का नाहीस? इतके दिवस?"

"इचारनारे सोमवारी येनार हायेत, काकू."

सोमवारी ते आले. ग्रामपंचायतीच्या खोलीत जबाब झाला. दारात मी होते, शेवंता होती, आणि गल्लीत निम्मं गाव उभं होतं. त्यातले कित्येक जण काल्याच्या दिवशी गुरवावर ओरडलेले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणी कुणी मारलं?"

"फौजदार सायबांनी. आधी पट्ट्यानं, मग खुर्ची ठिवली."

"आणि शिपाई?"

शेवंतानं माझा हात घट्ट धरला. ती दबक्या आवाजात म्हणत होती, "सांगा की, सगळ्यांनी मारलं. सांगा."

"शिपायानं न्हाई मारलं," दशरथ म्हणाला. "त्यानं पानी पाजलं. दवाखान्यात उशाला हुबा राहून खोटं बोलायला लावलं ते मातूर त्यानंच. ते दोन्ही लिवा."

"बाहेर कोण होतं?"

"तात्या भोईटे. पर त्यांना मी बघितलं न्हाई. आवाज ऐकला. ऐकला असं लिवा, बघितलं असं लिवू नका."

अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवून त्याच्याकडं बघितलं. मग त्यांनी स्वतः उठून त्याला बसायला सतरंजीवर जागा करून दिली.

घरी परतताना शेवंता पुढं चालत होती, रागानं पाय आपटत. शिपायाला सोडल्याचा राग. मी दशरथाबरोबर मागं होते. मी म्हटलं, "बाबा, जबाब द्यायचाच होता तर काला कशाला खाल्लास? तोंडात कसा गेला तो घास तुझ्या?"

त्यानं वाटेतला दगड पायानं बाजूला सारला.

"काकू, म्हैनाभर म्या रोज मनात जबाब देत व्हतो," तो म्हणाला. "आन् रोज तो वाढत व्हता. आधी सायबानं मारलं. मग शिपायानं बी मारलं. मग तात्या आत येऊन हसले. येक दिस तर मनात म्या अख्ख्या गावालाच त्या खोलीत आनून बसवलं. तवा कळलं, वैर पोटात ठिवून गेलो तर झालं त्येच्यापरीस ज्यादा बोलून बसंन. आन् ज्यादा बोललो की त्यांच्या वकिलाला तेवढंच पायजे. म्हनून वैर आधी काढून टाकाया पायजे व्हतं. जेवढं झालं तेवढंच सांगायचं व्हतं मला."

मी वाटेतच थांबले. तो चालत पुढं गेला.

पुढचं थोडक्यात सांगते, बुवा उठले बघा. रणपिसे निलंबित झाले, खटला चालला, शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली, पण टिकली. वकिलांनी दशरथाला उलटसुलट विचारून घाम काढला, पण त्याच्या जबाबातला एक शब्द हलला नाही, कारण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. तात्यांना काही झालं नाही. पान खाणं हा काही गुन्हा नाही म्हणे. ते पुढल्या वर्षीही पहिल्या रांगेत बसले, फक्त त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. दशरथाची गुरवकी गेली, घर गेलं. माझ्या परसातल्या खोलीत ती दोघं राहिली. बोटं कधी सरळ झाली नाहीत. पखवाज त्यानं पुन्हा वाजवला नाही. पण आमच्या चौकीत त्यानंतर माणूस आत गेला की बाहेर चार माणसं जाऊन बसायची. कुणी सांगितलं नव्हतं. बसायची, आणि आत ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलायची. नवा फौजदार चिडायचा. चिडू दे.

दशरथ गेला आता. शेवंता त्याच्या आधी गेली.

हं, टाळ काढले त्यांनी. सरका, जागा द्या. तेवढं एक करा माझ्यासाठी. तुमच्या गावात कधी कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, झालं गेलं, सोडून द्या, देवाच्या नावानं मिटवून टाका, तर चिडू नका, भिऊही नका. क्षमा करायची असेल तर मनापासून करा. आणि मग उठून जबाब द्यायला जाताना, एवढंच, दशरथ गुरवाची आठवण काढा.